पाच फेऱ्यांचं मिनिट

आमच्या कारखान्यात भिंतीवर तीन घड्याळं होती आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवायची. त्यावरून कोणी कधी कुरकुर केली नाही, कारण खरं मिनिट मिनिटकाकांच्या उजव्या हातात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगठ्याने चार बोटांची बारा पेरं मोजायची, अशा पाच फेऱ्या. झाले साठ सेकंद. मोजताना त्यांचे ओठ हलत नसत, नजर भलतीकडेच असे, मधेच कोणाला तरी झाडूनही व्हायचं, पण अंगठा आपला चालत राहायचा.

काका मेंटेनन्सचे मेकॅनिक. पंप दुरुस्तीच्या एका अंधाऱ्या दुकानात सोळाव्या वर्षी कामाला लागले आणि तिथून आमच्याकडे आले ते प्लाझ्मा कटिंगची मशीनं आली त्याच वर्षी. बोटभर जाड लोखंडी प्लेट हे मशीन कागदासारखं कापतं. पण कापणारा टॉर्च स्वतः इतका तापतो, की त्याला सतत गार ठेवावं लागतं. टाकीतून पंप कूलंट ढकलतो, ते पाइपातून टॉर्चच्या टोकापर्यंत जातं, तिथली उष्णता घेऊन परत येतं, रेडिएटरमध्ये गार होतं आणि पुन्हा निघतं. आम्ही त्याला सरळ पाणी म्हणायचो आणि काका दर वेळी चिडायचे. "पाणी नळाला येतं. हे कूलंट आहे. तुम्ही दुधाला चहा म्हणता का?"

एकदा एका पठ्ठ्याने टाकी कमी दिसली म्हणून खरोखरच नळाचं पाणी ओतलं. नळाच्या पाण्यात क्षार, क्षारांतून वीज वाहते. मग जी ठिणगी प्लेटवर पडायची ती टॉर्चच्या आतच पडायला लागली. काकांनी सगळी लाइन दोनदा धुतली. त्या माणसाशी आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी त्याच्यापुढे पेलाभर पाणी ठेवलं. "हे नळाचं. हे तू प्यायचं. विसरू नकोस."

कूलिंगचा फॉल्ट शोधायची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी कोणासाठी मोडली नाही. आधी टाकीची पातळी. मग फिल्टर. मग पाइपात बुडबुडे दिसतात का, पाइप कुठे दुमडलाय का. मग टॉर्च उघडून आतली रबरी रिंग. सगळ्यात शेवटी बादली. परत येणारा पाइप टाकीतून काढून बादलीत सोडायचा, नुसता पंप चालू करायचा आणि एक मिनिट मोजायचं. बादलीला आतून लाल रंगाची रेघ मारलेली होती, चार लिटरवर. मिनिटात कूलंट रेघेला लागलं तर कूलिंग ठीक, दोष दुसरीकडे शोधा. मशीनचा स्वतःचा एक स्विच आहे, पण तो बेटा अडीच लिटरच्या खाली गेल्याशिवाय ओरडत नाही, आणि तोवर टॉर्चचं व्हायचं ते झालेलं असतं. म्हणून बादली.

मिनिट घड्याळावर का मोजत नाहीत, असं नवा माणूस विचारायचाच. काकांची दोन घड्याळं मशीनच्या ठिणगीने बंद पडली होती, तिसरं त्यांनी घेतलं नाही. मोबाइल तर कटिंगच्या टेबलाजवळ आणायचाच नाही असा नियम. पंधरा वर्षांपूर्वी मालकांनी स्वतः स्टॉपवॉच घेऊन त्यांची परीक्षा घेतली होती. पाच वेळा मोजायला लावलं आणि पाचही वेळा काटा साठावर. त्या दिवसापासून काकांचं मिनिट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी नऊ वर्षं ग्राइंडिंगला होते. ग्राइंडर धरून धरून रात्री हाताला मुंग्या यायच्या आणि नाक शिंकरलं की काळं यायचं. मला कटिंग मशीनवर घ्या म्हणून मी फोरमनच्या मागे लागले, तेव्हा सगळे हसले. काका हसले नाहीत. "हिला द्या माझ्याकडे तीन महिने," म्हणाले. माझं तोंड फाटकं, राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं ठिणगी. तीन महिन्यांनी मी मशीनवर उभी राहिले ती चार वर्षं उभी होते. त्या चार वर्षांत मला कोणी बोट दाखवलं नाही.

आणि मग माझे इलेक्ट्रोड जळायला लागले.

इलेक्ट्रोड म्हणजे टॉर्चच्या टोकातला तांब्याचा छोटा तुकडा, ठिणगी त्यातून निघते. झिजतो, बदलावा लागतो, पण माझा एक इलेक्ट्रोड दीड पाळी आरामात चालायचा. आता तीन तासांत भोक पडायचं. ठिणगी बाहेर पडते ते तोंड, नोझल, निळं पडायचं, कापाची कड वाकडी यायची, प्लेटा भंगारात जायच्या. फोरमनने दोन आठवडे पाहिलं आणि तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुम्ही टॉर्च प्लेटला टेकवताय."

"मी टेकवत नाही."

"मग कूलिंगचा दोष असेल. काका, बघा एकदा."

काकांनी पाहिलं. पातळी ठीक. फिल्टर नवा घातला. बुडबुडा नाही, पाइप सरळ, रिंग ठाकठीक. शेवटी बादली. मी जीव मुठीत धरून उभी होते. खरं सांगते, बादली कमी भरावी म्हणून मनातल्या मनात विनवण्या करत होते. अंगठ्याच्या पाच फेऱ्या झाल्या, काकांनी हात वर केला, पंप बंद. कूलंट बरोबर लाल रेघेवर.

"पाणी बरोबर आहे," काका म्हणाले. पाणी म्हणाले! त्यांनाच इतकं वाईट वाटत होतं की शब्दावर लक्ष राहिलं नाही. मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "ठिणगे, हात जड झालाय का गं तुझा?"

फोरमनच्या बोलण्याने मला फक्त राग आला होता. काकांच्या त्या प्रश्नाने रडू आलं. फोरमनने शनिवारपर्यंतची मुदत दिली. तोपर्यंत इलेक्ट्रोड टिकायला लागले नाहीत तर सोमवारपासून मी परत ग्राइंडिंगला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फक्त चोर कोण ते मलाही माहीत नव्हतं.

मंगळवारी, बुधवारी मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. टॉर्चची उंची दर कापाआधी मोजली. इलेक्ट्रोड तरीही तीन तासांत खलास. गुरुवारी पाळी संपल्यावर मी तडक काकांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते म्हणा ना. चपला काढता काढता पहिलं वाक्यही तयार होतं.

पण दारातच काकांनी बोट ओठांवर ठेवलं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, खुर्चीत काकू. गुडघ्यांवर अर्धा विणलेला स्वेटर, शेजारी स्टुलावर औषधांचा डबा आणि झाकण घातलेलं तांब्याभर पाणी. काकूंच्या छातीचं दुखणं जुनं, वर्षभरात वाढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज संध्याकाळी पाच वाजता स्वस्थ बसवून मिनिटाला श्वास किती होतात ते मोजा. सलग तीन दिवस पंचविसाच्या वर गेले तर थांबायचं नाही, भरती करायचं.

काका समोरच्या मोड्यावर बसले होते. डोळे काकूंच्या छातीवर, श्वास मोजत होते ते तोंडाने आणि सेकंद मोजत होता तो अंगठा. एकाच वेळी दोन मोजण्या. हे त्यांनाच जमावं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून अंगठ्याकडे बघत बसले.

अंगठा तिसऱ्या बोटावर आला आणि अडकला. काकांनी तो जरा जोर लावून सोडवला, बारीक कट् असं वाजलं, आणि तो पुढे गेला. पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच अडकला, पुन्हा कट्. मला आठवलं. गेल्या वर्षी रेडिएटर साफ करताना पंख्याचं पातं त्या अंगठ्यावर बसलं होतं. महिनाभर पट्टी होती. "बरा झाला" म्हणून त्यांनी पट्टी काढली, त्यानंतर त्या अंगठ्याचं कोणी काही विचारलं नव्हतं.

"सव्वीस," काका म्हणाले आणि वहीत लिहिलं. काल पण सव्वीस.

"मला काही तसं वाटत नाही हो," काकू म्हणाल्या. "पंधरवड्यापूर्वी त्या डॉक्टरने मोजले तेव्हा वीसच तर होते."

"डॉक्टरसमोर सगळेच शहाण्यासारखा श्वास घेतात."

"मी माझं सांगतेय ना, मला बरं वाटतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की ते रागावलेत असं कोणाला वाटलं नसतं. पलंगाखालून भरलेली पिशवी डोकावत होती. टॉवेल, गाऊन, वरती विणायच्या सुया. काकूंनी माझी नजर पाहिली. "गेल्या खेपेला गेले ती दीड महिन्याने आले," त्या म्हणाल्या. "या खेपेला गेले तर परत यायची नाही बघ. मला माझी खिडकी पुरे."

मी भांडण पोटातच ठेवलं, चहा घेतला आणि निघाले. जिना उतरताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: तो अंगठा. एका फेरीत एकदा अडकतो. पाच फेऱ्यांत पाचदा. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळलं होतं. पण आज लाज वाटते सांगायला, मला तेव्हा फक्त बादली दिसली. समोर काकू बसल्या होत्या, वहीत सव्वीस लिहिलं होतं, आणि मला बादली दिसली. स्वतःच्या पायाखाली जळत असलं की माणसाला शेजारची आग दिसत नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर गेले तेव्हा मी काकांना गाठलं. "काका, एकदा बादली लावा. शेवटचं." ते नको म्हणाले नाहीत. त्यांनाही मी निर्दोष ठरावं असंच वाटत होतं. पाइप बादलीत सोडला. मी मशीनच्या स्क्रीनपाशी उभी. पंप चालू केला की त्या स्क्रीनवर कोपऱ्यात सेकंद पळायला लागतात. चार वर्षं ते आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. बादली लावताना मी नेहमी बादलीकडे बघायची, काका तर कुठेच बघायचे नाहीत, आणि स्क्रीनकडे बघायचं कोणाला कारणच नव्हतं.

काकांनी हात वर केला. मी पंप बंद केला. बादली रेघेवर. स्क्रीनवर पंचाहत्तर.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. फोरमनला बोलावून आकडा दाखवला असता की मी सुटले. पण ज्या माणसाने मला ग्राइंडिंगमधून उचललं, त्याचं मिनिट मी चारचौघांत मोडायचं? सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. मी विचार करणाऱ्यांतली नाही. बोलून गेले.

"काका, तुमच्या मिनिटात पंधरा सेकंद जास्त आहेत."

ते हसले. मग मी हसत नाही हे पाहून थांबले. "मालकांनी स्टॉपवॉच लावून पाहिलंय माझं मिनिट," ते म्हणाले. "तू तेव्हा ग्राइंडिंगलासुद्धा नव्हतीस."

"सोमवारी असेन ना! तुमच्याच मिनिटामुळे!"

बोलले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता. काकांचा चेहरा लालबुंद झाला. बादली त्यांनी टाकीत रिकामी केली, पाइप पुन्हा बादलीत सोडला आणि स्क्रीनसमोर येऊन उभे राहिले. "लाव पंप."

या वेळी आम्ही दोघं आकड्यांकडे बघत होतो. अंगठा निघाला. पहिल्या बोटावर, दुसऱ्यावर, आकडे आणि पेरं बरोबरीने. तिसऱ्यावर कट्. तेवढ्यात आकडा तीन घरं पुढे गेला. काकांनी पाहिलं. दुसरी फेरी, पुन्हा कट्, पुन्हा तीन. त्यांनी मधेच थांबवलं नाही. पाचही फेऱ्या पूर्ण केल्या. पंचाहत्तर.

मग त्यांनी बादली पुन्हा रिकामी केली, मला खूण केली, मी पुन्हा पंप लावला आणि या वेळी स्क्रीनवर साठ आल्याबरोबर बंद केला. कूलंट रेघेच्या चांगलं खाली थांबलं. सव्वातीन लिटरसुद्धा नव्हतं. म्हणजे पंप झिजला होता. माझ्या हातात काही खोट नव्हती. आनंदाने ओरडावं असा तो क्षण होता, पण काका कूलंटच्या रिकाम्या डब्यावर बसले होते आणि स्वतःच्या अंगठ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"काका, कोणाला सांगायला नको," मी म्हणाले. "पंप उघडा, झिजलाय म्हणून सांगा, मिटलं."

त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. "ठिणगे," ते म्हणाले, "पंचाहत्तर सेकंदांत सव्वीस, तर साठात किती?"

"चार लिटरचा हिशेब ना? साठात तीन पूर्णांक..."

"सव्वीस गं! सव्वीस! साठात किती?"

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "वीस," मी म्हणाले. "वीसच्या जरा वर. एकवीसही नाहीत, काका."

ते उठले. आजवर काम संपल्यावर हत्यारं पुसून पेटीत लावल्याशिवाय या माणसाने पाऊल उचललं नव्हतं. त्या दिवशी पाने तिथेच, बादली मधोमध, पाइप लोंबत. मला वाटलं, आता ते सरळ फाटकाकडे पळणार. पण ते आधी फोरमनच्या केबिनकडे वळले. फोरमन डबा उघडून बसला होता. काका दारातूनच म्हणाले, "बाईंचा हात बरोबर आहे. माझं मिनिट चुकलं. पंप झिजलाय, आजच उघडा. वर्षभर मी चुकीचं मोजतोय, बाकीच्या दोन मशीनांनाही घड्याळ लावून बघा. मी घरी चाललो." फोरमनचा घास हातात राहिला. काका गेलेसुद्धा.

साडेतीनला पंप उघडला. आतली पाती झिजून निम्मी झाली होती. नवा पंप बसवला, घड्याळ लावून बादली भरली, चार लिटरच्या वर. फोरमन माझ्याजवळ आला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, "सोमवारी वेळेवर या, बाई. मशीनवर." माफी मागायची त्याची हीच रीत असावी. एरवी मी त्याला सोडला नसता, पण मला पाचच्या आत काकांच्या घरी पोचायचं होतं.

घरी गेले तर काका मोड्यावर आणि काकू खुर्चीत, कालच्यासारख्याच. काका दुपारपासून तसेच बसून होते. फोनवर किंवा शेजारच्यांच्या घड्याळावर मोजून बघायला त्यांचा धीर झाला नव्हता. "वीस नसले तर?" मला म्हणाले. मशीनवर जाताना डब्याच्या पिशवीत ठेवते ते माझं घड्याळ मी काढून हातात धरलं. "तुम्ही श्वास मोजा. सेकंद मी बघते."

काकांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला, अंगठा आपोआप चालू नये म्हणून. मी म्हटलं, "सुरू." खोलीत काकूंच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता. "थांबा."

"वीस," काका म्हणाले.

पुन्हा मोजलं. पुन्हा वीस.

काकांनी वही उघडली. कालचे सव्वीस, परवाचे सव्वीस, त्याआधीचे चोवीस, पंचवीस, पानंच्या पानं. त्यांनी ती मिटली आणि ढसाढसा रडले. बायकोसमोर, परक्या बाईसमोर, काही न लपवता. "तुला मी किती घाबरवलं," म्हणत होते. "तू सांगत होतीस, आणि मी…" माझ्याकडे बघून म्हणाले, "हिलाही."

मीही रडत होते. काकू तेवढ्या कोरड्या होत्या. त्यांनी पायाने पिशवी पलंगाखालून पुढे ओढली, सुया काढल्या आणि स्वेटर हातात घेतला.

"लग्नाला बत्तीस वर्षं झाली," त्या मला म्हणाल्या. "एका मिनिटात आलो म्हणून हे बाहेर पडायचे आणि माझा स्वयंपाक होऊन, कपडे वाळत घालून झाले तरी यांचा पत्ता नसायचा. यांचं मिनिट मोठं आहे हे कारखान्याला आज कळलं? मला विचारायचं होतं."

काकांना रडता रडता हसू आलं. डोळे पुसून ते उठले, फोन घ्यायला निघाले; डॉक्टरांना कळवायला हवं होतं, काकूंना भरती करायला उद्यासाठी सांगून ठेवलेली गाडी रद्द करायला हवी होती. काकूंनी त्यांचा सदरा धरला.

"कळवाल हो. आधी एक मिनिट बसा माझ्याजवळ."

मी सवयीने घड्याळ पुढे केलं. काकूंनी माझा हात बाजूला सारला. त्यांनी काकांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, तो वाकडा अंगठा उचलून पहिल्या पेरावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचंच मोजा. घड्याळाचं मला पुरायचं नाही."

मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर असतानाच आतून तो बारीक आवाज आला, कट्.